‘कोणीच सापडले नाही’ याचे दोन अर्थ

कंटेनरमध्ये चालणाऱ्या क्लस्टरचे नोड एकमेकांना सापडत नसतील, तर तो नेटवर्कचा दोष. नेटवर्क मोकळे करा, डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) नीट लावा, सगळे कुबरनेटीसवर न्या, की प्रश्न मिटला. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हे मत आज इतके रुळले आहे की त्यावर कोणी वादही घालत नाही. कर्जत आणि खोपोलीहून रोज ऐरोली, ठाणे, पवई गाठणारी आमच्याकडची तरुण मंडळी मुलाखतीत हेच उत्तर देतात आणि ते उत्तर बरोबर धरले जाते. मला हे मत मुळातच चुकीचे वाटते. त्याच्या भरवशावर उभे केलेले क्लस्टर दुभंगतात, डेटा हरवतो, आणि नेटवर्कला दोष देऊन तीच मांडणी पुन्हा उभी केली जाते. म्हणून त्याचे खंडन सविस्तर करायला हवे.

खंडनाचा आपल्याकडचा जुना दंडक असा की पूर्वपक्ष त्याच्या कैवाऱ्यालाही मान्य होईल इतक्या नेटकेपणाने आधी मांडायचा. तसा तो मांडतो.

क्लस्टर म्हणजे एकाच कामासाठी एकत्र उभे राहिलेले अनेक सर्व्हर. त्यांतला प्रत्येक नोड. डेटाच्या प्रती ते आपसांत वाटून घेतात, एक पडला तर दुसरा काम उचलतो. पूर्वी नोड म्हणजे एक अख्खे मशीन असे. त्याचा आयपी पत्ता ठरलेला असे. कॉन्फिग फाइलमध्ये तीन-चार पत्ते लिहिले की वर्षभर बघावे लागत नसे. मार्च २०१३ मध्ये डॉकर आले, जून २०१४ मध्ये अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसची घोषणा झाली, जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली, आणि हा स्थिरपणा संपला. कंटेनर म्हणजे एका मशीनच्या पोटात वेगळी भिंत घालून चालवलेला प्रोग्राम. तो पडला की दुसरा उभा राहतो आणि त्याला नवा पत्ता मिळतो. डॉकरच्या नेहमीच्या ब्रिजवर हा पत्ता बहुधा १७२.१७ ने सुरू होतो आणि त्या मशीनच्या बाहेर तो कोणाच्याही उपयोगाचा नसतो. अशा स्थितीत हाताने पत्ते लिहीत बसणे म्हणजे वाळूवर रेघा ओढणे. तेव्हा नोडनीच एकमेकांना शोधावे. एक तर मल्टिकास्टने, म्हणजे साऱ्या जाळ्यात एकच हाक मारून. नाही तर एखाद्या नोंदवहीला विचारून. कुबरनेटीसमध्ये ही नोंदवही तयारच असते. हेडलेस सर्व्हिसचे नाव डीएनएसला विचारले की मागच्या सगळ्या पॉडचे, म्हणजे तिथल्या कंटेनरच्या जुडग्यांचे, पत्ते हातात येतात. नोड नवा असो की जुना, विचारतो, पत्ते घेतो, जोडला जातो. मग उरले काय?

पूर्वपक्षाचे बळ मी नाकारत नाही. पत्ते हाताने लिहू नयेत हे खरे आहे. ज्या सेवेला स्वतःची काहीच आठवण ठेवायची नसते, वेब पान तयार करून देणारी एखादी साधी सेवा, तिच्यासाठी एवढे पुरतेही. तिचे दहा तुकडे एकमेकांना ओळखत नसले तरी काही बिघडत नाही. वाद आहे तो क्लस्टरचा, म्हणजे ज्यांना मिळून एकच सत्य सांभाळायचे आहे अशा नोडचा.

त्यांच्या बाबतीत ‘शोध’ या एका नावाखाली तीन वेगळे प्रश्न दडवले जातात. आसपास कोण आहे, हा पहिला. त्यांतले आपल्या क्लस्टरचे सभासद कोण, आणि ते कोणत्या पत्त्याने ओळखले जाणार, हा दुसरा. आणि आता, या क्षणी, काम सुरू करण्याचा किंवा चालू ठेवण्याचा अधिकार कोणाला, हा तिसरा. डीएनएस आणि मल्टिकास्ट पहिल्याचे उत्तर देतात. उरलेल्या दोहोंबद्दल ते काही सांगत नाहीत, आणि सांगू शकणारही नाहीत.

आधी मल्टिकास्टचे पाहू, कारण इतिहासाने त्याचा निकाल लावून ठेवला आहे. मजकूर धुंडाळून देणाऱ्या इलॅस्टिकसर्चच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मल्टिकास्ट हीच मूळ सोय होती. नोड चालू केला की तो हाक मारायचा, त्याच क्लस्टरच्या नावाचा जो कोणी ऐकेल त्याच्याशी जोडला जायचा. दाखवायला हे फार सुरेख. पण क्लस्टरचे नाव सगळ्यांकडे मूळचेच राहिलेले असे. एका कचेरीत शेजारी बसलेल्या दोघांचे लॅपटॉप एका क्लस्टरमध्ये जात, आणि चाचणीसाठी उठवलेला नोड खऱ्या कामाच्या क्लस्टरमध्ये घुसण्याचा धोका कायमचा राही. त्यात मूळ सेटिंग असे की एकट्या पडलेल्या नोडलाही स्वतःला मुख्य ठरवता येई. २०१५ च्या २.० आवृत्तीत मल्टिकास्ट मूळ सोयीतून काढून प्लगइनमध्ये गेले आणि २०१६ च्या ५.० मध्ये तेही संपले. इथे हे नीट ध्यानात घेतले पाहिजे की शोध लागत नव्हता म्हणून मल्टिकास्ट गेले असे नाही. नको त्यांचाही शोध फार सहज लागत होता.

नंतर मल्टिकास्टची जमीनही आक्रसली. डॉकरचे ओव्हरले नेटवर्क मल्टिकास्ट नेत नाही. ॲमेझॉनच्या खासगी नेटवर्कमध्ये २०१९ च्या अखेरीपर्यंत त्याची सोय नव्हती. कंटेनरसाठी ते नेणारे वीव्ह नेट होते, पण ते बनवणारी वीव्हवर्क्स कंपनी २०२४ मध्ये बंद झाली. ‘आमचे नोड सापडत नाहीत’ ही तक्रार बहुतेकदा इथून उगवते आणि तिच्यावर नेटवर्क बदलण्याचा सल्ला मिळतो. सल्ला ऐकला की हाक पोहोचते आणि खरा आजार तसाच राहतो.

शोध आणि जुळणी यांतला हा भेद आमच्या दोन तालुक्यांत शंभराहून अधिक वर्षे डोळ्यांसमोर आहे. खालापूर तालुक्यात खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, कर्जत तालुक्यात भिवपुरीचे १९२२ मध्ये. वळवण, लोणावळा, शिरवटा या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला येते, ठोकरवाडीचे भिवपुरीला. वीज काढून झाली की ते पाताळगंगेला आणि उल्हासला मिळते. आज खोपोलीची क्षमता ७२ मेगावॉट आहे, भिवपुरीची ७५. ही केंद्रे ज्या ग्रिडला जोडली आहेत ती वितरित व्यवस्थाच आहे: अनेक संच, एक वारंवारता, मिळून सांभाळलेले एक सत्य. तिथे संच फिरू लागला आणि वाहिनी दारात आली म्हणून कोणी ब्रेकर ऑन करत नाही. दाब, वारंवारता, फेजचा क्रम आणि कोन जुळल्यावरच संच ग्रिडमध्ये घेतात. न जुळता घेतला तर संचाच्या दांड्याला बसणारा हिसका त्याला कायमचा निकामी करू शकतो.

पण माझ्या मुद्द्यासाठी याहून मोलाची गोष्ट वेगळी आहे. समोरच्या वाहिनीवर दाब शून्य दिसतो, असे समजा. त्याचे दोन अर्थ होतात. सगळी ग्रिड बसली असेल, किंवा फक्त आपल्याकडे येणारी वाहिनी तुटली असेल आणि पलीकडे सारे सुरळीत असेल. केंद्रातल्या मीटरवर दोन्ही प्रसंगांत काटा शून्यावरच. म्हणून केंद्रातला माणूस ‘कोणी नाही, तेव्हा मीच सुरुवात करतो’ असे ठरवत नाही. तो भार प्रेषण केंद्राला विचारतो. राज्याचे असे केंद्र ऐरोलीत आहे. ग्रिड खरोखर बसली असेल तर मृत वाहिनीवर पहिला दाब कोणी द्यायचा, त्यानंतर कोणी जुळायचे, हा क्रम आधीच लिहून ठेवलेला असतो. जलविद्युत संच बाहेरची वीज न घेता चालू होऊ शकतात, म्हणून अशा क्रमात त्यांचे स्थान अगदी वरचे असते. पहिला कोण हे शोधून निघत नाही. ते ठरवलेले असते.

आता हेच सॉफ्टवेअरमध्ये पाहू. तीन नोडचा क्लस्टर पहिल्यांदाच उभा करतो आहोत. तिन्ही कंटेनर एकाच वेळी उठले. प्रत्येकाने डीएनएसला विचारले. नोंदवहीत अजून कोणी नाही, उत्तर रिकामे आले. नोडने काय समजावे? ‘मी पहिला आहे, क्लस्टर सुरू करतो’ असे की ‘क्लस्टर आहे, माझाच संपर्क तुटला आहे’ असे? नोडच्या आतून हे दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखे दिसतात. पहिला अर्थ धरला तर तीन नोडचे तीन क्लस्टर होतात, प्रत्येक जण आपल्यापुरता निरोगी, तपासणीचे सारे दिवे हिरवे. दुसरा धरला तर तिघेही जन्मभर वाट पाहत बसतात. शोधाची यंत्रणा कितीही वेगवान केली, दर सेकंदाला विचारले, तरी या रिकाम्या उत्तराचा अर्थ लागत नाही, कारण तो उत्तरात नाहीच.

ही अडचण एखाद्या उत्पादनातली त्रुटी असती तर पुढच्या आवृत्तीत सुटली असती. पण १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी सिद्ध केले की संदेश किती वेळात पोहोचेल याची कोणतीच मर्यादा नसलेल्या जाळ्यात, एक जरी सहभागी बंद पडू शकत असेल, तर ठरीव पायऱ्यांनी चालणारी कोणतीही रीत एकमताची पक्की हमी देऊ शकत नाही. त्या सिद्धतेच्या मुळाशी हीच गोष्ट आहे: जो गप्प आहे तो बंद पडला की त्याचे उत्तर वाटेत आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. व्यवहारात आपण मुदती घालून, बहुमत मोजून काम भागवतो आणि ते उत्तम चालते. मात्र बहुमत मोजायला एकूण किती हे आधी ठाऊक लागते. तो आकडा शोधातून मिळत नाही. जे सापडले त्यांची मोजदाद म्हणजे एकूण संख्या, असे धरले तर एकट्या नोडचेही स्वतःत बहुमत होते.

म्हणूनच ज्यांनी ही सॉफ्टवेअरे घडवली त्यांनी, एकामागून एक, तो आकडा किंवा ते नाव बाहेरून सांगण्याची सोय ठेवली आहे. पूर्वपक्षाला माझे सर्वांत सबळ उत्तर हेच. ‘आपोआप शोध’ म्हणून ज्या सोयी मिरवल्या जातात त्यांच्या आत डोकावले की तिथे माणसाने सांगितलेली एखादी गोष्ट बसलेली सापडते. एटसीडीला, ज्याच्यावर खुद्द कुबरनेटीसची सारी आठवण अवलंबून असते, पहिल्यांदा उठवताना सुरुवातीच्या सभासदांची यादी द्यावी लागते आणि हा क्लस्टर नवा आहे की आधीचा, तेही स्पष्ट सांगावे लागते. त्यासाठी पूर्वी इंटरनेटवर एक सार्वजनिक शोधसेवाही चालवली जाई. तिच्याकडे चिठ्ठी मागताना क्लस्टर किती जणांचा हे आधी भरावे लागे. सेवांची नोंदवही ठेवणाऱ्या कन्सलमध्ये ‘बूटस्ट्रॅप एक्स्पेक्ट’ नावाचा आकडा असतो: इतके सर्व्हर दिसेपर्यंत कोणीही नेता निवडू नये. वितरित प्रोग्राम लिहिण्याच्या अक्का या साधनसंचात बीज नोडची यादी देतात, त्यांना सीड नोड म्हणतात, आणि नवा क्लस्टर सुरू करण्याची मुभा यादीतल्या फक्त पहिल्याला असते. इलॅस्टिकसर्चने एप्रिल २०१९ च्या ७.० आवृत्तीत बहुमताचा हिशेब स्वतःकडे घेतला, पण पहिल्या उभारणीसाठी मतदार नोडची नावे लिहून मागितली. वर ताकीदही दिली की क्लस्टर एकदा उभा राहिला की ही नावे काढून टाका.

निरोपांची ने-आण करणाऱ्या रॅबिटएमक्यूची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. कुबरनेटीसवर सोबती शोधण्यासाठी त्याचे एक प्लगइन आहे. ते आधी कुबरनेटीसच्या एपीआयला पॉडची यादी विचारायचे, म्हणजे पूर्वपक्षाला हवे तेच करायचे. २०२५ च्या ४.१ आवृत्तीत ते नव्याने लिहिले गेले आणि ही विचारणाच काढून टाकली. आता नियम असा: ज्याच्या नावाअखेर शून्य क्रमांक आहे त्या पॉडनेच क्लस्टर सुरू करायचा, बाकीच्यांनी त्याला जुळायचे, तो नसेल तर थांबायचे. शोधाची इतकी मोठी यंत्रणा हाताशी असताना त्यांनी ती बाजूला ठेवली आणि पहिला कोण ते ठरवून टाकले. खोपोली-भिवपुरीच्या माणसाला यात नवल वाटू नये.

सभासदत्वाचा दुसरा अर्धा भाग पत्त्याचा आहे, आणि कंटेनरमध्ये सर्वांत जास्त रात्री त्यानेच खाल्ल्या आहेत. नोड ज्या पत्त्यावर ऐकतो तो एक, आणि इतरांनी त्याला ज्या पत्त्यावर गाठायचे तो दुसरा. मशीनवर हे दोन्ही बहुधा एकच असत, म्हणून फरक कोणाच्या लक्षात येत नसे. कंटेनरच्या भिंतीने तो उघडा पाडला. नोंदींचा प्रवाह वाहून नेणाऱ्या काफ्काचे पाहा. ग्राहक प्रोग्राम ओळखीच्या पत्त्यावर पोहोचतो, ब्रोकर, म्हणजे काफ्काचा नोड, त्याला म्हणतो, ‘माझा खरा पत्ता लोकलहोस्ट’, आणि ग्राहक स्वतःच्याच कंटेनरमध्ये ब्रोकर शोधत राहतो. शोध यशस्वी झालेला असतो! पहिले संभाषण झालेलेच असते. चुकलेले असते ते नोडने स्वतःविषयी दिलेले निवेदन. रेडिस क्लस्टरच्या कर्त्यांनी पत्ते बदलून पुढे पाठवणाऱ्या डॉकरच्या पद्धतीशी आपले जमत नाही असे सरळ लिहून ठेवले होते, ४.० आवृत्तीत जाहीर करायचा पत्ता आणि पोर्ट वेगळे सांगण्याची सोय आली. अक्कानेही २.४ मध्ये ऐकण्याचा पत्ता आणि ओळखीचा पत्ता वेगळे केले. कॅसान्ड्रात ते दोन पूर्वीपासून वेगळे आहेत. यांतले एकही दुखणे डीएनएस सुधारून बरे होत नाही. नोडने आपली ओळख काय सांगावी, हे नोडला कोणीतरी सांगावेच लागते.

पुण्यात घडलेले एक काम या संदर्भात माहीत असायला हवे. थर्टी मीटर टेलिस्कोप ही तीस मीटर व्यासाची, ४९२ षट्कोनी आरशांची नियोजित दुर्बीण. भारत तिच्या भागीदारांपैकी एक. भारताच्या वाट्याला आलेल्या कामात दुर्बिणीचे सामाईक सॉफ्टवेअर होते आणि ते थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या पुण्याच्या गटाने लिहिले. दुर्बिणीचे शेकडो भाग वेगवेगळ्या प्रोग्रामांनी चालवायचे. त्यांनी एकमेकांना गाठायचे कसे यासाठी त्यात ‘लोकेशन सर्व्हिस’ आहे. प्रत्येक घटक तिथे आपला पत्ता नोंदवतो, इतर तिथे विचारतात. सुरुवातीच्या प्रायोगिक रूपात यासाठी मल्टिकास्ट डीएनएस वापरले होते. पुढे ते सोडून सेवा अक्का क्लस्टरवर उभी केली, आणि तिला उठवताना दोन गोष्टी बाहेरून द्याव्या लागू लागल्या: बीज नोडचे पत्ते, आणि कोणत्या नेटवर्क इंटरफेसचा पत्ता आपला म्हणून सांगायचा त्या इंटरफेसचे नाव. एका मशीनला अनेक नेटवर्क कार्डे असतात, त्यात डॉकर बसवले की त्याचा स्वतःचा ब्रिजही त्या यादीत येतो. ‘पहिला मिळेल तो पत्ता’ असे धोरण ठेवले तर नोड बाहेर निरुपयोगी असलेला पत्ता अभिमानाने जाहीर करतो. आपोआप शोधून देणारी सेवा घडवतानाच या गटाला तिची स्वतःची सुरुवात मात्र सांगून करावी लागली. याच कंपनीतले उन्मेष जोशी यांचे वितरित प्रणालींच्या रचनांवरचे इंग्रजी पुस्तक २०२३ मध्ये ॲडिसन-वेस्लीकडून प्रसिद्ध झाले. क्लस्टरमधल्या वयावरून आपोआप ठरणारा नेता ही रचना त्यात आहे, आणि बहुमताने चालणाऱ्या लहान, भक्कम गाभ्यावर बाकीच्यांनी टेकायचे ही रचनाही आहे. मराठी वाचकांपैकी ज्यांना हा विषय मुळापासून समजून घ्यायचा आहे त्यांनी या दोन रचना शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिलीत बीज नोडची गरज कुठे येते ते पाहावे.

पूर्वपक्षाकडून यावर तीन आक्षेप येतात.

पहिला: ‘तुम्ही म्हणता ते एकमताचे प्रश्न आहेत, शोधाचे नव्हेत, आम्ही फक्त शोधाबद्दल बोललो.’ असे खरोखर असते तर माझी तक्रार नव्हती. पण दुरुस्ती काय सुचवली जाते ते पाहा. क्लस्टर दुभंगला की होस्ट नेटवर्क लावा, नेटवर्कचे प्लगइन बदला, डीएनएसची साठवण मुदत कमी करा. निदान शोधाचेच केले जाते. शिवाय हे दोन भाग इतके सुटे नाहीत. कुबरनेटीसची हेडलेस सर्व्हिस सहसा तयार असलेल्याच पॉडचे पत्ते देते. क्लस्टरमध्ये सामील झाल्याशिवाय पॉड स्वतःला तयार म्हणवत नाही अशी तपासणी लावली, तर सामील व्हायला पत्ता हवा, पत्ता मिळायला तयार असायला हवे, तयार व्हायला सामील असायला हवे. हा पेच नेटवर्कने घातलेला नाही. ‘तयार’ याचा अर्थ शोधासाठी एक आणि कामासाठी दुसरा असतो, हे न ओळखल्याने तो पडतो. आणि तयार नसलेल्यांचेही पत्ते जाहीर करण्याचे सेटिंग कुबरनेटीसने त्यासाठीच दिले आहे. रॅबिटएमक्यूचे सगळे पॉड एकदम बंद पडून पुन्हा उठतात तेव्हा याच पेचाचे दुसरे रूप दिसते. उठलेला नोड जुन्या सोबत्यांची वाट पाहतो, मूळ सेटिंगप्रमाणे तीस-तीस सेकंदांच्या दहा खेपा, आणि एकामागून एक उठवण्याच्या धोरणामुळे कुबरनेटीस दुसऱ्या पॉडला पहिला तयार होईपर्यंत उठवतच नाही. सगळ्यांना एकदम उठू द्या, असे रॅबिटएमक्यूच्या मार्गदर्शनातच सांगितले आहे.

दुसरा आक्षेप: ‘दुभंगला तर काय, पुन्हा भेटले की जुळतील.’ जुळतात, पण कशाच्या किमतीवर? डेटा मेमरीत वाटून ठेवणाऱ्या हेझलकास्टमध्ये अशा वेळी लहान तुकडी मोठ्या तुकडीत विलीन होते आणि एकाच किल्लीखाली दोन्हींकडे वेगळे लिहिलेले असेल तर विलीनीकरणाच्या धोरणाप्रमाणे एक बाजू टाकून दिली जाते. तात्पुरत्या साठवणीसाठी हे चालेल. एखाद्या पतपेढीच्या खात्यासाठी चालेल का? आणि बहुमताची अट घातली म्हणूनही निश्चिंत होता येत नाही. जून २०१४ मध्ये काइल किंग्सबरी यांनी जेपसेन या आपल्या चाचण्यांत इलॅस्टिकसर्चचे जाळे मुद्दाम तोडून पाहिले, तेव्हा अट नीट घातलेली असतानाही स्वीकारलेल्या नोंदी हरवल्या. शोध तिथे बिनचूक होता. सभासदत्वाचे नियम कच्चे होते, आणि ते पक्के व्हायला ७.० पर्यंतची वर्षे गेली.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: ‘आता ऑपरेटर नावाचे प्रोग्राम हे सगळे सांभाळतात, माणसाला काही सांगावे लागत नाही.’ ऑपरेटर चांगले असतात, मीही ते वापरण्याच्या बाजूचा आहे. पण ऑपरेटरला ‘तीन नोड’ हा आकडा एका फाइलमध्ये माणसानेच लिहून दिलेला असतो, आणि तो ऑपरेटर ज्या एटसीडीवर टेकलेला असतो त्याची सुरुवात सभासदांची नावे सांगूनच झालेली असते. बाहेरून सांगण्याची गरज ऑपरेटरने मिटवलेली नाही. ती एका ठिकाणी आणून ठेवली आहे. हे मोठे काम आहे आणि त्याचे श्रेय त्याला द्यावे. मात्र त्यावरून ‘शोधाने प्रश्न सुटला’ असा निष्कर्ष काढणारा चुकीच्या कारणाला श्रेय देतो, आणि ऑपरेटर नसलेल्या जागी, ग्राहकाच्या तीन मशीनवर डॉकरने क्लस्टर उभा करायची वेळ आली की, अडकतो.

अधिकाराचा प्रश्न फक्त सुरुवातीपुरता नाही, तुटल्यानंतरचाही आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरच्या ग्रिडपासून तुटल्यास मुंबईने बेट होऊन स्वतःच्या विजेवर चालत राहावे, अशी आयलंडिंगची व्यवस्था अनेक दशके होती. त्या दिवशी ती टिकली नाही, कारण बेटाच्या आत शिल्लक असलेली निर्मिती आणि मागणी यांचा मेळ बसला नाही. तुटलेल्या तुकडीला एकटीने चालत राहण्याचा अधिकार कधी, हा हिशेब तुटण्यापूर्वी करून ठेवावा लागतो आणि परिस्थिती बदलली की पुन्हा करावा लागतो. सॉफ्टवेअरमध्ये २१ ऑक्टोबर २०१८ ची, प्रोग्रामांचा कोड साठवणाऱ्या गिटहबची घटना आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दोन ठिकाणांमधला संपर्क ४३ सेकंद तुटला. त्यानंतर सगळे सगळ्यांना सापडत होते. तरी सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली, कारण त्या ४३ सेकंदांत मुख्य डेटाबेसचा अधिकार दुसऱ्या किनाऱ्याकडे गेला आणि दोन्हीकडे दुसरीकडे नसलेल्या नोंदी होऊन बसल्या. ज्याला अजूनही शोधच महत्त्वाचा वाटतो त्याने ४३ सेकंद आणि २४ तास हे दोन आकडे समोरासमोर ठेवून पाहावेत.

तेव्हा माझे मंडन असे. शोध यंत्रणेवर सोपवावा, त्यात कमीपणा नाही. पण क्लस्टर उभारण्याआधी एका कागदावर लिहावे की पूर्ण क्लस्टर किती जणांचा, पहिली सुरुवात कोण करणार, आणि प्रत्येक नोड बाहेर कोणत्या नावाने ओळखला जाणार. नाव शक्यतो स्थिर ठेवावे. कुबरनेटीसच्या स्टेटफुलसेटमध्ये पॉडचा पत्ता बदलला तरी नाव टिकते, आणि त्याची खरी किंमत इथे आहे. क्लस्टरचे आणि नेटवर्कचे नाव मूळचे ठेवू नये. साध्या डॉकरवर काम असेल तर आपले स्वतंत्र नेटवर्क तयार करावे, कारण नेहमीच्या ब्रिजवर नावावरून पत्ता मिळतच नाही. जावावर चालणाऱ्या प्रोग्रामांनी मिळालेला पत्ता किती वेळ धरून ठेवायचा ते तपासावे. आणि चाचणी करताना सगळे कंटेनर एकदम उठवून, मग सगळे एकदम पाडून पुन्हा उठवून पाहावे. बहुतेक जण एकेक करून उठवून पाहतात आणि त्यातून पेच दिसत नाही.

नोड कमी करतानाची चूक तर मी वारंवार पाहिली आहे. तीन नोडचा एटसीडी आहे, खर्च वाचवायला कोणीतरी दोन कंटेनर बंद करतो. डीएनएसला विचारा, एक पत्ता मिळेल, आणि शोधाच्या दृष्टीने हा एका नोडचा सुरळीत क्लस्टर. एटसीडीच्या लेखी मात्र सभासद अजून तीनच आहेत, बहुमत दोघांचे, आणि उरलेला एकटा एकही नवी नोंद घ्यायला नकार देतो. दोन सभासदांची नावे आधी यादीतून एकेक करून कमी करायला हवी होती, कंटेनर नंतर बंद करायला हवे होते.